दोन महिन्यांत बॉडी? गोरेट्झकाचा फोटो नीट बघूया

मागे पंख्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आपलं रेकॉर्डिंग कॅम्प नं. ३ मधल्या घरातून असतं, स्टुडिओतून नाही.

आजचा विषय एक फोटो. लेऑन गोरेट्झका, २०२० मध्ये बायर्न म्युनिकचा मिडफिल्डर. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे बुंडेसलीगा थांबली, मे महिन्यात परत सुरू झाली आणि हा पठ्ठ्या मैदानात आला तो दंड जर्सीत मावेनात असा. आधीचा आणि नंतरचा फोटो जगभर फिरला. अजूनही जिममध्ये कोणीतरी तो दाखवून विचारतंच, "भाई, दोन महिन्यांत असं होतं का?"

सरळ उत्तर देतो. त्याचं झालं. तुझं तसंच होईल असं धरून चालू नकोस.

का? एक तर तो शून्यावरून सुरू झाला नव्हता. २०१२ पासून तो व्यावसायिक फुटबॉल खेळत होता. पाया तयार होता, फक्त वर मजला चढवायचा होता.

दुसरं कारण वेळापत्रक. मिडफिल्डर एका मॅचमध्ये साधारण १० ते १२ किलोमीटर पळतो, आणि मोठ्या क्लबला तीन-चार दिवसांनी पुढची मॅच असते. अशात जड स्क्वॉट मारले तर दोन दिवस पाय उचलत नाहीत. म्हणून सीझनमध्ये जिम असते ती कमावलेलं टिकवायला. आमच्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हरवर फुल ट्रॅफिक असताना कोणी मोठा बदल टाकत नाही, मेंटेनन्सची वेळ बघतो. ऑफसीझन म्हणजे तीच वेळ. व्यायाम, जेवण, झोप, तिन्ही एकत्र जमतं.

आणि तिसरं, थोडी कमाल टाइट जर्सीची आणि लाइटचीही असतेच ना!

पण ती ताकद शोभेची नव्हती. १३ जून २०२० ला ग्लाडबाखविरुद्ध शेवटच्या मिनिटांत विजयी गोल त्याचाच. ऑगस्टमध्ये बार्सिलोनाला ८-२ ने धुतलं, मग चॅम्पियन्स लीगही जिंकली, दोन्ही मॅचना हा पहिल्या अकरात.

आपल्याकडे हे नवीन नाही बरं का. कोल्हापूरचे फुटबॉल संघ बघा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. संघाच्या नावातच तालीम! अंगमेहनत आणि फुटबॉल तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात.

आता मुद्द्याचं. फोटो बघून घाई होते, आणि त्या घाईवरच कोणाचं तरी दुकान चालतं. "दोन महिन्यांत रिझल्ट" म्हणत कोणी बिनबिलाचा डबा देतं, कोणी थेट इंजेक्शन. आता लेबलवर किती विश्वास ठेवायचा हे उल्हासनगरच्या पोरांना मी काय सांगू? 'मेड इन यूएसए'चा जोक आपल्यावरच आहे! डब्यावर एफएसएसएआयचा नंबर बघा, तो ऑनलाइन तपासा, बिल मागा.

इंजेक्शनला मात्र सरळ नाही म्हणा. स्टिरॉइडने हृदय आणि लिव्हरवर ताण येतो, शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पडू शकतं, वाढत्या वयात उंची खुंटू शकते. आणि स्पर्धा खेळत असाल तर लक्षात ठेवा, डोपिंगमध्ये शरीरात सापडलेल्या गोष्टीची जबाबदारी खेळाडूची. "डब्यात काय होतं माहीत नव्हतं" एवढ्यावर सुटका नाही.

मग करायचं काय? वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन. ६० किलोच्या पोराला रोजचं ९६ ग्रॅम. ५० ग्रॅम सोयाबीन वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास, चार अंड्यांत २४, उरलेलं डाळ, चणे, दूध, पनीर, चिकन. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, वजन हळूहळू वाढवायचं, रोज सात-आठ तास झोप. अंबरनाथ लोकलमध्ये उभ्याने घेतलेली डुलकी त्यात धरू नका!

नवशिक्याला महिन्याला अर्धा-एक किलो स्नायू मिळाले तरी खूप झालं. फोटो तीन महिन्यांनी काढा, आणि तुलना स्वतःच्याच जुन्या फोटोशी करा.

हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याला कोणीतरी इंजेक्शनचा रेट सांगितलाय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!