माझं नाव वाच
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही गुलाबी बोंडअळीवर बोलणार होतो. तो विषय दुपारच्या बैठकीत घेऊ. गेल्या महिन्यात आमची माय गेली. तेराव्याला जमलेली माणसं तिचे किस्से सांगून डोळे पुसत होती आणि हसतही होती. तेव्हाच ठरवलं की या मेळाव्यात तिच्याबद्दल बोलायचं. गोष्ट आमच्या घरची आहे, पण ऐकल्यावर तुम्हाला तुमच्या घरची वाटेल.

माय परभणी जिल्ह्यातल्या कोरडवाहू रानातली. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा-पंधरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला. म्हणायची, "मिलोची भाकर थापायच्या आधी तिच्या पाया पडावं लागायचं, तरी ती फाटायचीच." तेव्हापासून ज्वारीशिवाय तिने एक वर्ष जाऊ दिलं नाही. सारं गाव कापसावर गेलं तरी आमच्याकडे दोन एकर ज्वारी राहिलीच. कोणी हिशेब मांडून दाखवला की म्हणायची, "कापूस बैल खात नाही आणि नोटा भिजवून भाकर होत नाही. कर आता हिशेब."

कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ मध्ये सुरू झाली. आमच्या लहानपणी खरेदी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. एका वर्षी बाप आजारी होता म्हणून माय गाडी घेऊन गेली. चार दिवसांनी नंबर लागला. ग्रेडरने मूठभर कापूस दाबला आणि म्हणाला, "ओला आहे, ग्रेड खाली जाईल." माय म्हणाली, "ओला नाही साहेब, चार दिवस तुमच्या दारात उभा राहून रडतोय." सगळी रांग हसली. ग्रेड काही वाढली नाही, पण त्या दिवशी मान खाली घालून गाडी हाकली नाही, हे तिला पुरलं.

पुढे आम्ही कृषीची पदवी घेऊन घरी आलो. पहिल्याच वर्षी धूळपेरणीचा हट्ट धरला. माय म्हणाली, "मूठभर माती घेऊन दाब. लाडू झाला तर पेर." आम्ही ऐकलं नाही. शिंतोड्यावर सरकी उगवली, मग तीन आठवडे पाऊस नाही. दुबार पेरणी करावी लागली. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "बियाणं कंपनीचं, शिक्षण सरकारचं. बुडालं तेवढं मात्र आपलं." कृषी खातंही सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मायचा पर्जन्यमापक तिच्या मुठीतच होता.

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. आमच्या बापानेही ते ऐकलं होतं, 'करू' म्हणाला होता, आणि ते राहून गेलं. माय चिडवायची, "लक्ष्मी मुक्त झाली म्हणे. मी अजून खुरपतेच आहे."

२०११ मध्ये बाप गेला. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. वारस नोंदीची वेळ आली तेव्हा गावातल्या शहाण्यांनी सांगितलं की माय आणि बहिणीकडून हक्कसोड करून घ्या, पुढे कटकट नको. आणि आम्ही, व्यासपीठावरून बायांच्या वाट्यावर बोलणारे आम्ही, तो कागद करून घरी आणला.

माय म्हणाली, "वाचून दाखव." वाचला.

"म्हणजे मी माझा हक्क सोडला असं मी म्हणायचं?"

"हो."

"मला कधी दिला होता ते आधी सांग, म्हणजे सोडते."

आम्ही गप्प. ती म्हणाली, "तुझ्या भाषणात बायांचा वाटा असतो म्हणे. घराचा उंबरा आला की कुठं उतरतो तो?" मग कागद हातात घेऊन बोटांनी चाचपला. "कडक आहे. चूल चांगली पेटेल." आणि खरंच पेटवली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. कायदा आम्हाला माहीत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मागे त्याच्या वाट्यात बायकोला मुलामुलींच्या बरोबरीचा हिस्सा आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतका झाला. कायदा झाला, पण तो सातबाऱ्यावर येण्याआधी आमच्यासारखी शिकलेली मुलंच कागद घेऊन आडवी येतात.

फेरफार झाला. मायचं आणि बहिणीचं नाव लागलं. मायला वाचता येत नव्हतं. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती आल्यागेल्याला म्हणायची, "माझं नाव वाच." पुढच्या हंगामात सोसायटीने तिच्या नावे पीककर्ज दिलं. अंगठा देऊन घरी आली आणि म्हणाली, "आता मी खरी शेतकरी. कर्ज झालं!"

भावांनो, निंदणी, वेचणी, खळं, बैलाचं चारापाणी यात बाईचे हात किती असतात हे तुम्हाला सांगायला नको. पण नाव नसेल तर कर्ज नाही, विमा नाही, नुकसानीची भरपाई नाही. नवरा गेला, त्यातही कर्जापायी गेला, तर त्या बाईला आधी स्वतःचं शेतकरीपण सिद्ध करत फिरावं लागतं. हे आपण आपल्या जिल्ह्यात पाहिलं आहे.

माय गेली, आता पुन्हा वारस नोंद. तलाठ्याकडे अर्ज दिला आहे. या वेळी पहिलं नाव बहिणीचं लिहिलं. हक्कसोडीचा कागद कोणी आणला नाही.

तुम्ही आज घरी गेलात की सातबारा काढा. आईला, बायकोला, बहिणीला समोर बसवा आणि त्यावरची नावं मोठ्याने वाचा. तिचं नाव आलं नाही तर ती काय बोलते ते नीट ऐका. बहुतेक ती आमच्या मायसारखंच काहीतरी बोलेल. हसू येईल, पण हसून सोडून देऊ नका. तलाठ्याकडे जाताना तिला बरोबर न्या.

एवढं बोलून आम्ही थांबतो.