प्रपंचातले त्रैमासिक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरगावची एखादी विदुषी बोलवावी, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा चिटणीसबाईंनी घरच्याच माणसाला उभे केले आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. रोजच्या कामाची हकीकत सांगते, ती गोड मानून घ्या.

मला दिलेला विषय असा, की शाळेतली नोकरी आणि घर सांभाळून मी कथांचे त्रैमासिक कसे काढते. हा प्रश्न मला हळदीकुंकवाला, मंडईत, बसथांब्यावर नेहमी विचारला जातो. विचारणारीच्या मनात खरे तर दोन प्रश्न असतात. एक, वेळ कोठून आणता? दुसरा कोणी तोंडाने विचारीत नाही, पण तो डोळ्यांत दिसतो: हा उपद्व्याप कशासाठी? आज दोन्हींची उत्तरे द्यावी म्हणते.

प्रथम वेळेचे. वेळ शिल्लक राहील तेव्हा अंक काढू, असे जी म्हणेल तिचा अंक कधीच निघावयाचा नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी वेळ शिल्लक राहतो? पोळीच्या डब्यात पोळी उरते, तसा वेळ उरत नाही. म्हणून काम आधी लहान करावे लागते. आमचा पहिला अंक २०१५ साली निघाला. तेव्हाच ठरवले, की वर्षाला चार अंक, प्रत्येकी ६४ पाने आणि ३०० प्रती. ६४ हा आकडा मी पंचांगातून काढलेला नाही. आमच्या आकाराच्या अंकाचा एक फर्मा १६ पानांचा. चार फर्म्यांची ६४ पाने होतात. पासष्टावे पान हवे झाले, तर त्या एका पानासाठी नवा फर्मा चढवावा लागतो. चौसष्टांतली चार पाने अनुक्रमणिका, निवेदन आणि वाचकांच्या पत्रांना जातात. उरली साठ. तीन हजार शब्दांची कथा आमच्या टाइपात सुमारे दहा पाने घेते. म्हणजे अंकात कथा सहा. तीन महिन्यांत सहा कथा निवडावयाच्या, एवढेच काम आहे हे एकदा मनाशी पक्के झाले, की डोंगराची टेकडी होते.

आता त्या तीन महिन्यांची वाटणी ऐका. पहिला महिना वाचनाचा. बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊनंतर ओटा आवरला, की दीड तास मी फक्त आलेल्या कथा वाचते. दुसरा महिना पत्रव्यवहाराचा. लेखिकेला एखादा बदल सुचवावयाचा असतो, शेवट पुन्हा लिहून हवा असतो. तिसरा महिना मुद्रिते तपासण्याचा, छपाईचा आणि टपालाचा. हल्ली खिळे जुळवावे लागत नाहीत, मजकूर संगणकावर बसतो; पण मुद्रिते तपासावयास डोळे लागतातच. ऱ्हस्वदीर्घ यंत्राला पुरते कळत नाही, आणि 'दिन'चे 'दीन' झाले, तर सणाच्या दिवशी दैन्य येते!

अंक फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये निघतात. दिवाळी अंक आम्ही काढीत नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात ही परंपरा उत्तम रुजली आहे. तिला माझ्या हातभाराची गरज नाही. शिवाय त्या दिवसांत चकलीची भाजणी आणि शेवटचे मुद्रित एकाच हाताने होत नाहीत.

घरच्या टेबलावर साहित्याचा संसार मांडणारी मी काही पहिली नव्हे. इंग्लंडमध्ये १९१७ साली व्हर्जिनिया वुल्फ आणि त्यांचे पती लेनर्ड यांनी एक लहानसे हातयंत्र विकत घेतले आणि रिचमंडच्या आपल्या घरात जेवणाच्या टेबलावर मांडले. लेनर्डचा हात कापत असे, म्हणून खिळे व्हर्जिनिया जुळवीत आणि यंत्र ते चालवीत. त्याच वर्षी दोघांची एकेक कथा घालून त्यांनी पहिले पुस्तक छापले, त्याच्या प्रती सुमारे १५०. पुढच्या वर्षी कॅथरिन मॅन्सफिल्ड यांची दीर्घकथा 'प्रेल्यूड' काढली, तिच्या सुमारे ३००. हा आकडा वाचला, तेव्हा आमच्या ३०० प्रतींबद्दल मला वाटणारा संकोच गेला.

आणखी एक जोडपे सांगते. मार्था फोली आणि व्हिट बर्नेट हे अमेरिकन वार्ताहर व्हिएन्ना शहरात नोकरीला होते. लघुकथांना चांगले मासिक उरले नाही असे वाटून १९३१ साली त्यांनी फक्त कथांचे 'स्टोरी' सुरू केले. छापखान्याला पैसे नव्हते, म्हणून पहिला अंक चक्क सायक्लोस्टाईलवर काढला. त्याच सुमारास घरात तान्हे मूलही होते. पुढे हे मासिक न्यू यॉर्कला गेले, आणि त्याच मासिकाने १९४० साली जे. डी. सॅलिंजर या नवख्या तरुणाची पहिली कथा छापली. मार्थाबाईंनी मूल मोठे होईपर्यंत वाट पाहिली असती, तर या तरुणाला दुसरे दार शोधावे लागले असते.

पण भगिनींनो, नुसत्या गोड गोष्टी सांगून मी खाली बसणार नाही. प्रेमचंदांनी १९३० साली काशीहून हिंदी 'हंस' सुरू केले. छापखाना त्यांचाच होता आणि तो तोट्यात होता. एवढा मोठा कथाकार, पण कर्जापायी १९३४ साली त्यांना मुंबईत चित्रपटांसाठी लिहावयास यावे लागले. तिथे ते रमले नाहीत, वर्षभरात परतले, आणि १९३६ साली वारले. त्यांच्या पत्नी शिवरानीदेवी स्वतः कथालेखिका होत्या. पतीच्या मागे 'हंस' चालू ठेवण्यास त्यांनीही हातभार लावला. त्या घरात मासिकापायी काय सोसावे लागले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून माझा एक नियम आहे. घरातला दागिना किंवा मुलांच्या शिक्षणाचा पैसा अंकाला लावावयाचा नाही. वर्गणी आणि गावातल्या चार जाहिराती यांत बसेल तेवढाच अंक. आणि लेखिकेचे मानधन, थोडे का होईना, कागदवाल्याच्या बिलाआधी द्यावयाचे. कागद उधार मिळतो. कुणाच्या रात्रीच्या जागरणाची उधारी करू नये.

खर्च मात्र वाढतो आहे. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा अंक हमखास पोहोचावा असे ज्यांना वाटते त्यांच्या टपालाचा हिशेब नव्याने मांडावा लागला. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ सालचा कायदाही गेला. नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि नोंदणीचे अर्ज संगणकावरून भरावयाचे झाले. ते काम आमच्या धाकट्या सुनेने अंगावर घेतले, म्हणून मी निश्चिंत आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. हे कशासाठी?

'साभार परत' हे दोन शब्द आपल्याकडे लिहिणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहेत. पण त्याहून वाईट असते ते काहीच उत्तर न येणे. बाईने स्वयंपाक करता करता मनात जुळवलेली, मुले निजल्यावर कागदावर उतरवलेली कथा पाठवावी आणि सहा सहा महिने चकार शब्द येऊ नये! ती दुसऱ्यांदा पाठवीत नाही. कथा कपाटात जाते, साड्यांच्या घडीखाली. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद झाले, तरी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, याची आठवण जुने लेखक अजून काढतात. आमच्यापाशी तेवढा अधिकार नाही. पण उत्तर देणे आमच्या हाती आहे. म्हणून आमचा पहिला नेम असा, की कथा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाची आणि दोन महिन्यांच्या आत उत्तर जावयाचे. परत करावयाची असेल, तर कोणता भाग मनाला लागला आणि कोठे कथा सैल झाली, हे चार ओळींत सांगावयाचे.

काही वर्षांपूर्वी एक कथा आली. सोबत चिठ्ठी होती: "उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. फोनही करू नये." एवढेच. मी चिटणीसबाईंना विचारले आणि मंडळाचा पत्ता दिला. ती कथा परत गेली, पण चार ओळींसह. दुसरी आली, तीही परत गेली. तिसरी आम्ही छापली, टोपणनावाने. ती बाई कोण, हे मी सांगणार नाही. या सभागृहात आहे की नाही, हेही सांगणार नाही. एवढेच सांगते, की मंडळाच्या पत्रपेटीत तिच्या नावे पाकिटे येत राहिली आणि आपल्यापैकी ज्यांनी ती तिच्या हाती दिली, त्यांनी कधी एका शब्दाने चौकशी केली नाही. वाङ्मयाची सेवा म्हणतात ती हीसुद्धा आहे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई आपल्या सांगलीत शिरली, ते तुम्हांला मी काय सांगावे? आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या अंकाचे छापलेले फर्मे छापखान्यात तळाला होते. त्यांचा लगदा झाला. मजकूर संगणकात होता, म्हणून अंक सप्टेंबरात पुन्हा छापता आला. त्या दिवसांत नागपूरच्या एका वर्गणीदार बाईंचे पत्र आले. पुढच्या वर्षाची वर्गणी आगाऊ पाठवून त्यांनी लिहिले होते, "अंक उशिरा चालेल. आधी घर सुकवा." अंकाच्या तीनशे प्रतींना तीनशे घरे असतात, हे मला तेव्हा कळले.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नये. पुरुषाने अंक काढला तर त्याला 'कार्य' म्हणतात, आणि बाईने काढला तर 'हौस'. हौसेचे काम पाहुणे आले की बाजूला सारता येते. कामाला वेळ ठरलेली असते. आमच्या घरी बुधवार-शनिवारच्या रात्री सासूबाईंचे औषध यजमान देतात. पहिल्या दिवशी त्यांना बाटल्या सापडल्या नाहीत. आता अंधारातही सापडतात. हे आपोआप घडले नाही, मी मागितले. मागितल्याशिवाय घरात काही बदलत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि आता आपणांपाशीही मागते. सासूबाईंना पुढच्या वर्षी नव्वद पूर्ण होतील. त्यांचे उठणे-बसणे आता माझ्या हातावर आहे, आणि ते मी आनंदाने करते. पण त्यामुळे दोन रात्रींची एक रात्र झाली आहे. अंकाच्या घड्या घालावयास आणि पत्ते चिकटवावयास आपण दर तीन महिन्यांनी या सभागृहात जमता, हे ऋण आहेच. याखेरीज मला दोन वाचक हव्यात आणि मुद्रिते तपासणारी एक. पदवी नको, साहित्याची परीक्षा नको. परक्या बाईची कथा शेवटपर्यंत वाचण्याचा धीर हवा, आणि वाचलेले पोटात ठेवण्याचा.

कोणी पुढे आल्या नाहीत, तर काय करावयाचे हेही मी ठरवले आहे. चारांचे दोन अंक करीन, चौसष्टांची अठ्ठेचाळीस पाने करीन. मात्र दोन महिन्यांत उत्तर देण्याचा नेम मोडणार नाही. तो मोडायची वेळ आली, तर त्या दिवशी अंक बंद केल्याचे स्वतः जाहीर करीन. उत्तर न देणाऱ्या मासिकांत आणखी एकाची भर घालण्यासाठी मी हे सुरू केलेले नाही.

तूर्त ऑगस्टच्या अंकासाठी आलेल्या एकवीस कथा माझ्या टेबलावर आहेत. त्यांतल्या सात आज मी पिशवीतून बरोबर आणल्या आहेत. चहाच्या वेळी मी त्या खिडकीपाशी बसेन. ज्यांना एखादी घरी न्यावीशी वाटेल, त्यांनी न्यावी, आणि पुढच्या बुधवारी चार ओळी लिहून परत आणावी.