सोळा नंबरची सुई आणि एक महेश्वरी

(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत शिवणवर्गातर्फे केलेल्या बोलण्याचा मजकूर)

शिवणवर्गाला बोलायला सांगितलं की सगळ्यांना वाटतं, आता ब्लाउजच्या नव्या गळ्यांबद्दल ऐकायला मिळणार. आज गळे नाहीत. आज सुईबद्दल बोलायचं आम्ही चौघींनी ठरवलं आहे. आणि ते का ठरवलं, तेही सांगून टाकतो.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आधी आपल्यातल्याच एका काकूंनी सासूबाईंची जुनी महेश्वरी वर्गात आणून दिली. नातीला परकर-पोलकं करायचं होतं. आदल्याच दिवशी आम्ही स्टेजचे जाड पडदे शिवले होते. मशीनला सोळा नंबरची सुई होती, ती तशीच राहिली. महेश्वरीचा ताणा रेशमाचा आणि बाणा सुती असतो, हे इंदूरच्या बायकांना सांगायला नको. त्या सुईने रेशमाचा धागा अडकवून ओढला आणि शिवणीपासून वीतभर लांब चकाकत्या रेघा उमटल्या. टीप उसवून पाहिली, तर भोकं तशीच. सुती कापडाची भोकं धुतल्यावर बरीचशी मिटतात, रेशमाची मिटत नाहीत. काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, पोर घालेल." नातीने घातलंही. पण त्यानंतर काकूंनी वर्गाकडे काही शिवायला दिलं नाही, आणि आम्हाला ते विचारण्याचं धाडस झालेलं नाही.

आमच्यापैकी दोघींच्या घरी मशीन हौसेची नव्हती. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली, तेव्हा घर त्या मशीनवर चाललं. तरीसुद्धा आमच्या हातून हे झालं. कारण सुई मोडली की बदलायची, एवढंच आम्ही शिकलो होतो.

पाकिटावर दोन आकडे असतात, ९०/१४ किंवा १००/१६. मोठा आकडा सुईच्या जाडीचा: ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर. धाकटा आकडा म्हणजे दुकानात आपण मागतो तो नंबर. आकडा वाढला की सुई जाड. तलम वॉयल, शिफॉन, रेशीम यांना ९ किंवा ११. टू बाय टू रुबिया, पॉपलिन, रोजचं सुती कापड यांना १४, अगदी पातळ असेल तर १२. जाड खादी, पडदे, सोफ्याची कव्हरं यांना १६, आणि जीन्सला १८. आपल्याकडे मात्र मशीन घेतल्या दिवसापासून १६ बसते आणि सगळं घर तिच्यावरच शिवलं जातं. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून तलम कापड आणताना तासभर घासाघीस करतो, पण सुई? तिला चहाच्या कपाइतके पैसे लागतात, तेवढे जिवावर येतात.

नंबराइतकंच टोकाकडे पाहावं. साध्या कापडात उभे-आडवे धागे असतात, त्यांतून टोकदार सुई सरळ जाते. टीशर्ट, लेगिंग यांचं कापड विणलेल्या फासांचं असतं. टोकदार सुईने त्यातला एक फास तुटला की धुतल्यावर भोक मोठं होतं. त्यासाठी बॉल पॉइंट सुई मिळते. तिचं टोक किंचित गोल असतं, ती फास न तोडता बाजूला सारते. चामड्याची सुई उलट कापतच जाते, ती कापडाला चुकूनही लावू नये.

आता टीप का सुटते ते. सुई खाली जाऊन जराशी वर आली की नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटा फुगा होतो. शटलचं टोक तोच फुगा उचलतं आणि खालच्या दोऱ्याशी गाठ पडते. त्या बाजूला सुईला एक खोलगट जागा दिलेली असते. सुई वाकलेली असेल, पूर्ण वर ढकललेली नसेल किंवा उलटी बसली असेल, तर शटलला फुगा सापडत नाही. मग आपण ताणाचा स्क्रू फिरवत बसतो आणि शेवटी मेकॅनिकला फोन करतो! दांड्याची सपाट बाजू शटलकडे आणि लांब खाच ज्या बाजूला त्या बाजूने दोरा ओवायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. जिगजॅगच्या नव्या मशीनमध्ये सपाट बाजू बहुधा मागे असते. कारखान्यातल्या मशीनची सुई गोल दांड्याची असते. ती घरच्या मशीनला बसवायचा खटाटोप करू नये, आम्ही करून पाहिला आहे.

दोऱ्याचीही परीक्षा घ्यावी. सुई काढून हातभर दोऱ्यात ओवायची, दोरा उभा ताणून धरायचा आणि सुईला गिरकी द्यायची. ती घसरत खाली आली तर नेढं त्या दोऱ्याला पुरेसं आहे. अडकली तर एक नंबर वर जा, नाहीतर दोरा बारीक घ्या. भरतकामाच्या चकचकीत दोऱ्याला मोठ्या नेढ्याची वेगळी सुई मिळते. साध्या सुईत त्याच्या चिंध्या होतात.

बदलायची कधी? साधारण आठ तास शिवण झालं की, असा ठोकताळा आहे. जरीच्या काठावर टोक त्याआधीच बोथटतं, हा आमचा अनुभव. मशीन 'टप टप' आवाज करू लागली, की टोक नखावरून अलगद फिरवून पाहा. ओरखडा उठला तर सुई गेली. टाचण्यांवरून टीप मारली असेल तर तपासायलाही थांबू नका. काढलेली सुई कचऱ्यात मोकळी टाकू नये, कचरा उचलणाऱ्याच्या हातात जाते. औषधाच्या रिकाम्या डबीत साठवा.

वर्गात आता प्रत्येक मशीनला एक चिठ्ठी डकवली आहे. कुठली सुई लावली आणि कधी, ते तिच्यावर लिहायचं. पहिला आठवडा सगळ्या हसल्या. सभा संपल्यावर दाराशी टेबलावर ११ आणि १४ नंबरच्या सुया ठेवल्या आहेत. एकेक घेऊन जा, आणि घरच्या मशीनची जुनी सुई काढून पुढच्या रविवारी आम्हाला आणून दाखवा. काकू आज सभेला आल्या आहेत, मागच्या रांगेत. त्यांच्यासाठी ११ नंबरची आम्ही वेगळी काढून ठेवली आहे.