विनाफीची पाठशाळा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांना सामान पुरवणारी लहान दुकाने, हा का वसंत व्याख्यानमालेत बोलायचा विषय? शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. तेव्हा आरंभीच सांगतो की, मद्याचा पुरस्कार करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आमचे लक्ष आहे त्या दुकानदाराकडे. त्याच्या अडचणीत एक जुना आर्थिक प्रश्न दडलेला आहे. ज्ञान फुकट द्यावे आणि माल विकून पोट भरावे, असा धंदा किती दिवस चालतो?

प्रथम हे सामान काय ते पाहू. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतो, तसे सातूला मोड आणून वाळवतात व भाजतात. त्याला माल्ट म्हणतात. हॉप्स नावाच्या वेलीची फुले कडवटपणा आणि वास देतात. यीस्ट म्हणजे दुधाला जसे विरजण, तसे या काढ्याला विरजण. एवढ्या तीन वस्तू आणि पाणी. पण विरजण बिघडले की दही बिघडते हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला या कामातली जोखीम समजावून सांगायला नको. काढा किती उष्णतेवर ठेवायचा, भांडी कशी निर्जंतुक करायची, आंबट वास का आला, हे सारे कोणाला तरी विचारावे लागते. आपल्याकडे पापडखार विकणारा वाणी किलोभर उडदाला किती खार घालायचा हेही सांगतो. तसाच हा दुकानदार.

या दुकानांचा इतिहासही विचित्र आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी द्राक्षासव करण्यास मुभा राहिली, पण बिअरला ती मिळाली नाही. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन बिअर करांशिवाय करता येऊ लागली. तरी राज्यांचे कायदे निराळे होतेच. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत परवानगी मिळायला २०१३ साल उजाडले.

कायदा येण्यापूर्वीच दुकाने होती, हे ध्यानात घ्या. लॉस एंजेलिसच्या वुडलँड हिल्स भागात जॉन डॉम यांचे असे एक दुकान होते. तेथे जमणाऱ्या मंडळींनी १९७४ मध्ये ‘माल्टोज फाल्कन्स’ हे मंडळ काढले. घरी बिअर करणाऱ्यांचे अमेरिकेतील हे सर्वांत जुने मंडळ. कॅलिफोर्नियातच चिको गावी केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये असेच दुकान थाटले आणि १९८० मध्ये त्यांच्या ‘सिएरा नेवाडा’ कारखान्याची पहिली बिअर निघाली. सॅन डिएगोत १९९२ साली जॅक व्हाइट यांनी ‘होम ब्रू मार्ट’ उघडले. त्याच्याच मागच्या भागात १९९६ मध्ये ‘बॅलास्ट पॉइंट’ हा कारखाना सुरू झाला आणि २०१५ मध्ये तो सुमारे १०० कोटी डॉलरांना विकला गेला.

म्हणजे ही दुकाने ही एक पाठशाळाच होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस साऱ्या अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभरही नव्हते. आज ते नऊ हजारांवर आहेत. त्यांच्या मालकांपैकी कितीतरी जण आधी घरच्या चुलीवर शिकले. परंतु या पाठशाळेला फी नव्हती. विद्यार्थी पुढे कोट्यधीश झाला, तरी गुरुजींच्या गल्ल्यात पडले ते दोन पौंड माल्टचे पैसे.

आणि येथेच पहिला घाव बसला. लोक घरी बिअर करू लागले ते बाजारात एकाच चवीची बिअर मिळे म्हणून. शिष्यांनी कारखाने काढले, कोपऱ्याकोपऱ्यावर पन्नास तऱ्हा मिळू लागल्या. मग घरी खटाटोप कशाला? शाळेच्या यशानेच शाळेचा पट घटला.

दुसरा घाव हिशोबाचा. एखादा ग्राहक महिन्यातून एकदा पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर करतो असे धरा. दर खेपेस त्याला साधारण दहा पौंड माल्ट लागते. वर्षाचे झाले १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. पंचवीस किलोची दोन पोती आणि वर थोडेसे, एवढाच एका नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकाचा वर्षाचा व्यवहार! मोठे पातेले एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. उलट दुकानदाराला हॉप्सच्या आणि माल्टच्या डझनावारी जाती ठेवाव्या लागतात. हॉप्सचा वास उष्णतेने व हवेने उडतो. द्रव यीस्ट शीतकपाटात ठेवूनही काही महिन्यांतच दुबळे होते. न खपलेला माल फेकावा लागतो, भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

तिसरा घाव दूरच्या विक्रेत्याचा. टपालाने, आणि पुढे इंटरनेटवरून, मोठी कोठारे घरपोच माल पाठवू लागली. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निकालामुळे, ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान वा कोठार नाही, तेथील विक्रीकर त्याला वसूल करावा लागत नसे. गावचा दुकानदार पातेल्यावर कर लावी, दूरचा लावत नसे. ही विषमता २०१८ च्या ‘वेफेअर’ खटल्यातील निकालाने दूर झाली. पण तोवर गिऱ्हाइकांना सवय जडली होती. त्यातच २०१६ मध्ये जाहीर झाले की ‘नॉर्दर्न ब्रूअर’ ही अशी मोठी पेढी ‘एबी इनबेव’ या जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीकडे गेली आहे. ज्या कारखानदारीला कंटाळून लोक घरी वळले, तिच्याच हाती त्यांचे सामान गेले. पुढे त्या कंपनीने ती पेढी विकूनही टाकली.

मात्र दूरच्या विक्रेत्याला खलनायक ठरवणे न्यायाचे होणार नाही. जवळचे दुकान शे-दोनशे मैलांवर असलेल्या खेड्यातील माणसाला त्याचाच आधार आहे. आमची तक्रार निराळी आहे. गिऱ्हाईक काउंटरवर उभे राहून अर्धा तास शंका विचारते, घरी जाऊन स्वस्त ठिकाणी माल मागवते, आणि बिघडलेली बाटली घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर येते. हा व्यवहार बेकायदा नाही. पण त्यात एकाचे देणे राहून जाते, आणि ते कोणत्याच पावतीवर दिसत नाही.

काही दुकानदारांनी वाटा काढल्या. कोणी पैसे घेऊन वर्ग चालवले, कोणी चीज आणि लोणच्यांचे सामान ठेवले, कोणी मागच्या बाजूस स्वतःच बिअर विकायला सुरुवात केली. काही तरले, पुष्कळांनी दारे लावली. दुकान बंद झाले की माल अन्यत्र मिळतो. मंडळ कोठे जमणार आणि नवख्याच्या हातातली बाटली हुंगून दोष कोण सांगणार, याची सोय मात्र होत नाही.

श्रोतेहो, हा प्रश्न बिअरपुरता नाही. आपल्या पेठेतला काष्ठौषधीवाला, बियाणे विकताना पेरणीचे दिवस सांगणारा, तंबोऱ्याची जवारी लावून देणारा, हे सारे त्याच पाठशाळेचे गुरुजी. त्यांना दान नको, दयाही नको. जेथे शिकलो तेथेच विकत घ्यावे, चार पैसे अधिक पडले तरी, आणि ती चार पैशांची वाढ फी समजावी. एवढा साधा नियम पाळला तर पुष्कळ काउंटर उभे राहतील. निदान ते पडले तेव्हा आपण कोणाचे देणे बुडवले नव्हते, एवढे तरी आपल्याला म्हणता येईल.