ठसा आणि किल्ली



संगणकातून पाठवलेला मजकूर वाटेत कोणी बदलला की नाही, हे ओळखावे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय संगणकाचा असला तरी चिंता जुनीच आहे. लखोट्यावर लाख ओतून तिच्यावर मुद्रा उमटवीत असत, ती ह्याच काळजीपोटी.

समजा, गावच्या शाळेने वार्षिक परीक्षेच्या गुणांची यादी संगणकावर तयार केली आणि तालुक्याच्या गावी पाठवली. यादीत दोनशे मुले. त्यांतल्या एकाचे गणिताचे ३४ गुण वाटेत ३५ झाले. नुसत्या एका आकड्याचा फरक! कागदावर खाडाखोड केली तर दिसते, शाईचा रंग वेगळा पडतो. संगणकातल्या फायलीत खाडाखोड दिसतच नाही. नापास मुलगा पास होतो, किंवा ह्याच्या उलट पास झालेल्या मुलाचे वर्ष बुडते, आणि दोष कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही.

ह्यावर संगणकशास्त्रात एक उपाय आहे. त्याला हॅश म्हणतात. आपण त्याला ठसा म्हणू. मजकूर एका ओळीचा असो की हजार पानांचा, त्याचा ठसा ठरावीक लांबीचाच निघतो. आज सर्रास वापरात असलेल्या एसएचए-२५६ ह्या पद्धतीचा ठसा २५६ बिटांचा असतो. तो लिहून काढला तर ६४ चिन्हे होतात. त्यांत ० ते ९ हे आकडे आणि इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे येतात. मजकूर तोच, तर ठसाही तोच. पण मजकुरात एका स्वल्पविरामाचा जरी फरक झाला, तरी ठसा पार वेगळा येतो. आणि जात्यातून निघालेल्या पिठाचे जसे पुन्हा दाणे करता येत नाहीत, तसा ठशावरून मूळ मजकूर उलगडता येत नाही.

हे काम शिक्षकांनाही घरच्या संगणकावर करता येईल. पायथॉन नावाची एक संगणकभाषा आहे. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि ती फुकट मिळते. तिच्यात २००६ पासून हॅशलिब नावाचा विभाग आहे. तो मागवून घ्यायचा, फाईल बाइटांच्या रूपात, म्हणजे जशीच्या तशी उघडायची, तिच्यातला मजकूर एसएचए-२५६ च्या हाती द्यायचा आणि 'हेक्सडायजेस्ट' म्हणायचे. चार ओळींचे काम! इंग्रजी लहान लिपीतली ए, बी, सी ही तीन अक्षरे देऊन पाहा. उत्तराची सुरुवात 'बी ए ७ ८ १ ६ बी एफ' अशी झाली, तर आपले बरोबर चालले आहे असे समजावे.

मराठी लिहिणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. संगणक अक्षरे पाहत नाही, तो त्यांमागचे बाइट पाहतो. 'शेतकऱ्याला' ह्या शब्दातला 'ऱ' एकच चिन्ह म्हणून साठवता येतो, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे मिळूनही साठवता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, ठसे मात्र दोन निघतात! ओळीच्या शेवटी राहिलेल्या एका रिकाम्या जागेनेही तेच होते. म्हणून ठसा काढायचा तो पाठवलेल्या फायलीचाच काढावा. मजकूर पुन्हा टाइप करून काढू नये.

सगळ्याच पद्धती सारख्या भरवशाच्या नाहीत. एमडी-५ ही पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ वर्षे चालली. पण २००४ मध्ये शियाओयुन वांग ह्या चिनी विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दोन निरनिराळ्या मजकुरांचा एकच एमडी-५ ठसा काढून दाखवला. २०१७ मध्ये एसएचए-१ चीही तीच गत झाली. गूगल कंपनी आणि ॲम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था ह्यांच्या संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फायली जगापुढे ठेवल्या. तेव्हा नव्या कामाला ह्या दोन्ही पद्धती घेऊ नयेत.

आता तुम्ही म्हणाल, यादीबरोबर तिचा ठसाही पाठवून दिला की झाले! पण खरी मेख इथेच आहे. ज्याला ३४ चे ३५ करता आले, त्याला नव्या यादीचा नवा ठसा काढायला कितीसा वेळ लागणार? पायथॉन त्याच्याकडेही आहे. तो जुना ठसा पुसून नवा लिहील, आणि तालुक्याचा कारकून ठसा जुळला म्हणून निर्धास्त राहील. नुसता ठसा अपघात ओळखतो, लबाडी ओळखत नाही. यादी एका वाटेने आणि ठसा दुसऱ्या खात्रीच्या वाटेने गेला, उदाहरणार्थ मुख्याध्यापकांनी तो स्वतः टेलिफोनवर वाचून दाखवला, तर गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच वाटेने जायचे असतील, तर किल्ली हवी.

किल्ली म्हणजे शाळा आणि तालुका ह्या दोघांनाच ठाऊक असलेला गुप्त मजकूर. ती मिसळून ठसा काढला, तर किल्ली नसलेल्याला तसा ठसा बनवता येत नाही. मात्र ती मिसळण्याचीही एक रीत आहे. किल्ली नुसती मजकुराच्या पुढे जोडली आणि ठसा काढला, तर एमडी-५ व एसएचए-२५६ यांसारख्या पद्धतींत एक फट राहते. किल्ली ठाऊक नसतानाही मजकुराच्या शेवटी भर घालून खरा वाटेल असा ठसा काढता येतो. २००९ मध्ये फ्लिकर ह्या छायाचित्रांच्या सेवेत नेमका हाच दोष दोन संशोधकांनी दाखवून दिला. म्हणून एचमॅक ही पद्धत घ्यावी. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक ह्यांनी ती १९९६ साली मांडली. तिच्यात किल्ली दोनदा मिसळतात: एकदा मजकुराबरोबर, आणि त्यातून निघालेल्या ठशाबरोबर पुन्हा एकदा.

पायथॉनमध्ये एचमॅक नावाचाच विभाग आहे. त्याला किल्ली, मजकूर आणि पद्धतीचे नाव, अशा तीन गोष्टी द्यायच्या. पलीकडच्या माणसाने त्याच किल्लीने आपला ठसा काढायचा आणि आलेल्या ठशाशी ताडून पाहायचा. ही तुलना संगणकाकडून करून घेताना 'कंपेअर डायजेस्ट' हे साधन वापरावे. साधी तुलना पहिला फरक दिसताच थांबते, आणि किती वेळाने थांबली ह्यावरून लबाडाला एकेक अक्षर हुडकता येण्याचा संभव असतो.

किल्ली मात्र शाळेचे नाव किंवा कोणाची जन्मतारीख असू नये. पायथॉनच्या सीक्रेट्स विभागाकडून ३२ बाइटांची किल्ली बनवून घ्यावी. ती त्या आज्ञावलीत लिहून ठेवू नये, आणि यादीबरोबर तर मुळीच पाठवू नये. दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच खुंटीला टांगण्यासारखे होईल ते!

किल्लीच्या ठशालाही मर्यादा आहे. किल्ली दोघांकडे असल्यामुळे ठसा नेमका कोणी काढला, हे तिसऱ्या माणसापुढे सिद्ध होत नाही. त्यासाठी डिजिटल सही लागते, आणि त्या सहीच्याही पोटात हॅशच असतो. आपल्या देशाच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, तिसऱ्या कलमात, हॅश म्हणजे काय ते सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकीय पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्यातही हा ठसा लिहायला जागा ठेवली आहे. म्हणजे ही विद्या आता कोर्टाच्या पायरीपर्यंत आली आहे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एका मुलाला मजकूर लिहायला सांगावे, दुसऱ्याला त्यातले एक अक्षर गुपचूप बदलायला सांगावे, आणि तिसऱ्याने ठशावरून ते ओळखावे. मग बदलणाऱ्यालाच नवा ठसाही काढू द्यावा. तिसरा मुलगा फसला, की किल्ली कशाला हवी ते फळ्यावर लिहून सांगावे लागणार नाही.