शून्याचा हट्ट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तुझ्या माशांबद्दल बोल," असा संयोजकांचा आग्रह आहे. रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन क्लाउनफिश आणि काही मऊ प्रवाळं. दगडी प्रवाळ ठेवत नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. पाणी पवनेचंच. ते गाळून, त्यात समुद्री मीठ मिसळून आम्ही दिवाणखान्यात समुद्र करतो.

या समुद्रात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली फॉस्फेट. ते माशांच्या खाद्यातून येतं. उन्हाळ्यात पवनेवर जलपर्णी माजते, तिला सांडपाण्यातून जे खत मिळतं, त्यातलंच हे एक. टाकीत त्यावर शेवाळ वाढतं. दुसरी अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. गोगलगाईंचे शंख आणि दगडांवरचं गुलाबी शेवाळ ती रोज थोडी वापरतात. ती मोजायला नमुन्यात थेंब थेंब द्रावण टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं. बाई, तुमचं टायट्रेशनच ते!

दोन वर्षांपूर्वी काचेवर हिरवं शेवाळ चढलं. फॉस्फेट ०.२५ होतं, अल्कलिनिटी ७ अंश. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. एक रीडिंग हललं की लगेच मशीनचं सेटिंग फिरवू नका, हे पोरांना मीच शिकवतो. घरी मात्र विसरलो. फॉस्फेट ओढून घेणारे लोहाचे दाणे दुप्पट भरले आणि खायचा सोडा घालून दोन दिवसांत अल्कलिनिटी ११ वर नेली. चौथ्या दिवशी फॉस्फेट शून्य! मी खूश. आठव्या दिवशी झोआ उघडेनात. मुलीचं आवडतं, छत्रीसारखं लेदर कोरल आक्रसलं आणि पंधरवड्यात कुजून गेलं. "बाबा, पाणी तर स्वच्छ होतं ना?" असं तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नंतर समजलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यालाही थोडं फॉस्फेट लागतंच. शून्य म्हणजे उपास. त्यात अल्कलिनिटीची एकदम उडी. शिवाय दगडांनी शोषलेलं फॉस्फेट हळूहळू पाण्यात परत येतं, त्यामुळे महिन्याभरात आकडा पुन्हा वर गेलाच.

आता गोठवलेलं खाद्य वितळवून, त्याचं पाणी ओतून देऊन मगच घालतो. दाणे थोडेच वापरतो. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान आणि अल्कलिनिटी ८ च्या आसपास असली की समाधान मानतो. आमच्या टाकीत ६ ग्रॅम सोड्यानं ती साधारण १ अंश वाढते. एका दिवसात त्याहून जास्त घालत नाही. आकडे वहीत मुलगी लिहिते. दोन रीडिंग एकाच बाजूला सरकली, तरच हात लावायचा, हा तिचा नियम.

बाई, ब्युरेटची तोटी सावकाश सोडायला तुम्ही शिकवलं होतं. तेव्हा मार्कांसाठी शिकलो. खरी किंमत त्या लेदर कोरलनं मोजली.

कधी घरी या, टाकी बघायला.