एक तरी भरवशाचं माणूस

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या मुख्याध्यापक बंधुभगिनींनो,

संचमान्यता, रिक्त पदं, अशैक्षणिक कामं यांवर या अधिवेशनात कालपासून सविस्तर चर्चा झाली. मी आज मुलांच्या मनोबलाबद्दल बोलणार आहे.

हल्लीची मुलं नाजूक झालीत, असं शिक्षक-खोलीत सर्रास बोललं जातं. मला ते मान्य नाही. एनसीईआरटीने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची धास्ती वाटते असं सांगितलं. ही धास्ती बरीचशी आपल्याच आवारात तयार होते.

घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटल्या जात असताना वर्गात मागे उभं राहून पाहा. नाव पुकारलं जातं, पाठोपाठ गुण. वर्ग हसतो. बाकावर पोचेपर्यंत मुलाने पेपरचा कोपरा दुमडून गुण झाकलेले असतात. पुढच्या तासाला तो हात वर करत नाही. चुकलेलं गणित पुन्हा मांडायची त्याची उमेदच आपण काढून घेतलेली असते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत चारचौघांतला असा पाणउतारा टाळायला सांगितलं आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध जोडावा, असंही त्यात आहे. शासनाने त्यासाठी पदं आणि निधी द्यावा, ही आपली आग्रहाची मागणी आहे. पण तोवर हातावर हात ठेवून बसता येणार नाही, कारण समुपदेशक नसतानाही मुलांना आधार देता येतो.

हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी सहकाऱ्यांसह अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातला कलह, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्यापाशी एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. घराबाहेर ते माणूस पुष्कळदा शिक्षक असे. मनोबल व्याख्यानाने येत नाही. पडलो तर हात देणारं कुणी आहे, हा अनुभव वारंवार आला की ते येतं.

म्हणून माझं सांगणं असं. शिक्षक-सभेत हजेरीपट समोर घ्या आणि प्रत्येक मुलाला नीट ओळखणाऱ्या शिक्षकाचं नाव त्याच्यापुढे लिहा. ज्या मुलापुढची जागा कोरी राहील, त्याची जबाबदारी कोण घेणार ते तिथेच ठरवा. गुण मोठ्याने वाचू नका, चुका सुधारून पेपर पुन्हा दाखवण्याची मुभा द्या. सलग गैरहजर मुलाच्या घरी नोटिशीआधी फोन जाऊ द्या. ऊसतोडीवरून परतलेल्या मुलीला बुडलेल्या धड्यांची यादी देण्याआधी तिची विचारपूस करा. मरणाची भाषा बोलणाऱ्या मुलाला एकटं सोडू नका, पालकांना सोबत घेऊन त्याच दिवशी तज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या दर्शनी भागात लावा. आणि भरगच्च वर्ग सांभाळताना थकलेल्या शिक्षकाचंही ऐकून घ्या, कारण खचलेला शिक्षक मुलांना उभारी देऊ शकत नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना शासननिर्णय लागत नाही. त्या करायच्या, हाच या अधिवेशनाचा पहिला ठराव व्हावा, असं मी सुचवतो. त्याची अंमलबजावणी मात्र सोमवारी आपापल्या शाळेत तुम्हालाच करायची आहे.